शेजारच्या विहिरींवरून

आनंदरावाच्या विहिरीला सरकारी नंबर होता. काठावर पिवळ्या रंगाचा चौकोन, त्यात काळा आकडा, अन् बाजूला खाली तोंड केलेला एक बाण. त्या बाणापासून पाणी किती खोल आहे ते मोजायला नागपूरहून माणूस यायचा. हिवाळ्यात एकदा, होळीच्या सुमाराला एकदा, मे महिन्याच्या उन्हात एकदा, अन् पाऊस सरला की एकदा. सालईखेडीत विहिरी काय कमी होत्या? पण सरकारनं मोजायला घेतली ती हीच. आनंदरावाची विहीर नोकरीला लागली म्हणून गावातले लोक त्याला चिडवायचे. तो वरवर चिडल्यासारखं करायचा, पण आतून त्याला ते आवडायचं.

विहीर त्याच्या बापानं खोदलेली. गावच्या विहिरीवर त्यांना पाणी भरू देत नसत, तेव्हाची गोष्ट. बापानं अन् दोन काकांनी दोन उन्हाळे मुरूम फोडला अन् पाणी लागलं तेव्हा तिघं खालीच बसून रडले, असं आई सांगायची. पुढं छप्पन सालच्या दसऱ्याला सगळं घर नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलं. गावची विहीरही नंतर मोकळी झाली. पण आनंदरावाच्या घरातून तिकडं बादली कधी गेली नाही. आपली असताना कशाला न्यायची? अन् ही विहीर आटलेली आजवर कोणी पाहिली नव्हती.

नाल्याच्या कडेला वावर, वावरात संत्र्याची बाग, बागेच्या तोंडाशी विहीर अन् विहिरीपाशी दोन खोल्यांचं घर. गाव तिथून हाकेच्या पल्ल्याच्या बाहेर. बायको पार्वतीबाई वारली तेव्हापासून त्या घरात आनंदराव एकटा. एकच लेक, जयवंता. तिला शिकवायचं म्हणून त्यानं काय काय सोसलं ते त्याचं त्याला ठाऊक. बी.एस्सी. झाली, नागपुरात पाण्याच्या सर्वेच्या कचेरीत लागली, मास्तर नवरा मिळाला, एक नात झाली. एका माणसानं आणखी काय मागावं?

सकाळी तो दोन भाकरी थापायचा. एक तेव्हा खायचा, एक संध्याकाळी. बैलांशी बोलायचा. बैल ऐकून घेतात, पण उलटून काही विचारत नाहीत ना. कधी कधी दिवस मावळायच्या वेळी त्याच्या ध्यानात यायचं, की आज आपल्याला कोणीच काही विचारलं नाही.

लेकीशी भांडण झालं होतं म्हणाल, तर तेही नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडण मिटवायला तरी माणूस येतो. इथं काहीच झालं नव्हतं. आधी महिन्याला यायची, मग सणावारी, मग दसऱ्याला दीक्षाभूमीवर बाप-लेकीची भेट व्हायची तेवढीच. मागच्या दसऱ्याला ती कसल्याशा ट्रेनिंगला पुण्यात होती. आनंदराव त्या गर्दीत दिवसभर ठरलेल्या जागी उभा राहिला अन् परत आला. ती पुण्यात आहे हे त्याला पोस्टकार्डानं कळलेलं होतं. तरी उभा राहिला.

त्या हिवाळ्यात टेपवाला मनोहरराव आला. हा जयाच्याच कचेरीतला माणूस, जीपमधून उतरायचा अन् काठावर उकिडवा बसायचा. लोखंडी टेपच्या टोकाला खडू फासायचा, टेप खाली सोडायची, वर ओढायची अन् खडू कुठवर भिजला ते बघून आकडा लिहायचा. मोजणीच्या दोन दिवस आधी इंजिन लावायचं नाही, असा त्याचा दंडक होता, म्हणजे पाणी आपल्या जागी येऊन थांबतं. आनंदराव तर त्या दोन दिवसांत बादलीसुद्धा टाकत नसे. आधीच रांजण भरून ठेवी अन् बैलांना नाल्यावर नेई. एवढं कोणी सांगितलं नव्हतं, पण त्याचा स्वभावच तसा.

"आनंदराव, तुम्हाले सांगाचं राहून गेलं," मनोहरराव टेप गुंडाळत म्हणाला. "आता हे आकडे कंपुटरमध्ये जातेत. साऱ्या जिल्ह्याच्या विहिरी, बारा सालचे आकडे. मशीन नकाशा काढून देते. कुठं पाणी खाली चाललं, कोणत्या साली चाललं, सारं कागदावर. अन् ते काम कोणाकडे आहे म्हणता? तुमच्या जयाकडे."

आनंदराव चहाचा कप घेऊन उभा होता. तो खाली बसला.

"म्हंजे माह्या विहिरीचा आकडा जयाच्या हातून जाते?"

"मंग कोणाच्या? तिच्याशिवाय त्या मशीनले हात लावाची कोणाची हिंमत नाही."

"मंग तिले दिसत असंन."

"काय दिसत असंन?"

"आपली विहीर."

मनोहरराव हसला. "आकडा दिसते गा. विहीर कशी दिसंन?"

पण आनंदरावाच्या डोक्यात ते बसलं ते बसलंच. वर्षातून चार वेळा का होईना, लेकीची नजर आपल्या विहिरीवरून फिरते. त्यानं चहा पुन्हा ठेवला. मनोहररावाला उशीर होत होता, तरी त्याला बसवून घेतलं अन् ती काहून येत नाही ते विचारलं.

"कंपुटर आमचा नाही ना. रामदासपेठेत एका संस्थेचा आहे. आठवडाभर त्यांचं काम, रविवारी आमची पाळी. मंग रविवारी तिनं तिकडे जावं का इकडे यावं?"

"एक काम करजा मनोहरराव. तिले सांगजा, बाबानं एकदा ये म्हटलं."

होळीनंतर मनोहरराव पुन्हा आला. आनंदरावानं टेप खाली जायच्या आतच विचारलं.

"सांगितलं ना," मनोहरराव म्हणाला. "येतो म्हणे."

"कवा?"

"तसं काही नाही म्हणे. येतो म्हणे."

मे उजाडला. बागेला ताण दिलेला होता. संत्र्याचं झाड मोठं विचित्र. त्याला सुखानं पाणी पाजत राहिलं तर नुसता पाला काढतं. उन्हाळ्यात त्याचं पाणी तोडायचं, पानं सुकून गळायला लागेपर्यंत तहानलेलं ठेवायचं, अन् मग मृगाच्या तोंडावर एकदम पाणी द्यायचं, की झाड फुलांनी भरून जातं. तोच बहार, वर्षाची कमाई तीच. त्या महिन्या-दीड महिन्यात झाडाच्या बुडाला थेंब लागता कामा नये. बागवाला तेव्हा विहिरीपाशी इंजिनाला हात लावत नाही.

झाडं तहानेनं पिवळी पडत होती अन् आनंदराव बाजेवर पडून त्यांच्याकडं बघत होता. मोजणी तीन-चार दिवसांवर आली होती, कोतवाल सांगून गेला होता. अन् तेव्हा त्याच्या मनात आलं. आपली विहीर कधी आटत नाही. आटली, तर? लेकीपुढं आकडा जाईल: कोरडी. तिचा हात थांबेल. बाबाची विहीर कोरडी कशी? काय झालं तिकडं? पुढच्या गाडीनं येईल की नाही?

येईलच, असं त्याच्या मनानं घेतलं. एकट्या माणसाला मनात आलेलं बोलून दाखवायला कोणी नसतं, म्हणून ते खरंच वाटायला लागतं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या उन्हात त्यानं इंजिनाला दोर गुंडाळला, हिसका दिला, अन् भक् भक् करीत इंजिन सुरू झालं. बागेला तर पाणी द्यायचं नव्हतं. त्यानं फावड्यानं बागेच्या कडेकडेनं पाण्याचा दांड काढला अन् पाणी सरळ नाल्यात सोडून दिलं. मे महिन्यात, विदर्भात, चांगलं पाणी नाल्यात. त्याला स्वतःलाच बघवेना. तो पाठ करून उभा राहिला.

भीमाबाई, पलीकडच्या वावरातली, डोक्यावर काड्यांचा भारा घेऊन दोन वावरांमधल्या बांधावरून, धुऱ्यावरून चालली होती. ती थांबली.

"भाऊ, पाणी काहून सोडून राहिले नाल्यात?"

"गाळ काढाचा आहे," आनंदरावाच्या तोंडून निघून गेलं.

"एकटे?"

"मंग काय, वरात आणू?"

भीमाबाई भारा सावरत निघून गेली. आपण तिला तोडून बोललो याचं त्याला वाईट वाटलं. पण इंजिन त्यानं बंद केलं नाही.

सकाळी बघतो तर भीमाबाईचा नवरा रुपराव दोर अन् घमेलं घेऊन हजर. साठीचा माणूस, एका डोळ्यानं अधू. "सांगितलं काहून नाही गा?" म्हणाला. "माणसं मेले काय गावातले?" आता याला काय सांगावं? गाळबिळ काही नाही, मी उगाच पाणी फेकून राहिलो, असं सांगावं? खोटं बोललं की ते राबवून घेतं माणसाला. आनंदरावानं धोतर वर खोचलं अन् विहिरीत उतरला.

बापानं उतरायला खोबण्या कोरलेल्या होत्या. पाय ठेवायचा, हात धरायचा, पुन्हा पाय. तरणा असताना तो धाडधाड उतरायचा. आता एकेक खोबणी पायानं चाचपत उतरावं लागत होतं. इतकं खाली तो कधी गेलाच नव्हता, कारण इतकं खाली कायम पाणी असायचं. तिथं मुरमावर बापाच्या कुदळीचे घाव अजून जसेच्या तसे होते. त्यानं एका घावात बोट घालून पाहिलं. वर आभाळाचा ताटाएवढा तुकडा अन् त्यात रुपरावाचं डोकं.

गाळ होता बाकी. चांगला मांडीभर. तो फावड्यानं घमेलं भरायचा, रुपराव वर ओढायचा, घमेल्यातून काळा चिखल त्याच्या डोक्यावर ठिबकत राहायचा. कपारीतून झरे पाझरत होते अन् थोडं पाणी जमलं की रुपराव इंजिन लावायचा. आनंदराव गुडघाभर गार चिखलात उभा होता अन् वर गाव उन्हानं भाजत होतं. आपल्याला इथं काही झालं तर नागपूरला कधी कळेल, असा विचार त्याच्या मनात येऊन गेला. पार्वतीबाई असती तर काठावर बसून शिव्या देत राहिली असती. तिची त्याला फार आठवण आली, अन् चिखलात तो जरा वेळ नुसताच उभा राहिला.

"झालं काय गा?" वरून रुपराव ओरडला.

"काही नाही. ओढ."

दुपार टळल्यावर तो वर आला, काठावर पालथाच पडला. धाप कमी झाल्यावर मान वळवून बघतो, तर दांड फुटलेला. नाल्याकडं जाणारं पाणी उतारानं बागेत शिरलेलं. दोघं विहिरीत अन् इंजिनात गुंतलेले, दांडावर लक्ष ठेवायला होतं कोण? अर्ध्या बागेची आळी डबडबून भरली होती अन् झाडं घटाघटा पीत होती.

रुपराव धुऱ्यावर जाऊन उभा राहिला.

"ताण मोडला गा तुहा," तो म्हणाला.

"मोडला," आनंदराव म्हणाला.

मनोहरराव दुसऱ्या दिवशी आला. त्याच्या आधी आनंदरावानं रात्री पाझरलेलं पाणीही उपसून टाकलं होतं अन् इंजिनावर गोणपाट टाकून ठेवलं होतं. मनोहररावानं खडू फासला, टेप सोडली. टेप खडकाला लागल्याचा आवाज वर आला. त्यानं ओढून बघितलं तर खडू पांढराच. पुन्हा सोडली. मग वाकून आत बघितलं.

"कोरडी?"

आनंदरावानं चहाचा कप पुढं केला.

"आनंदराव, इंजिन चाललं होतं का? चाललं असंन तर मले तसं लिहा लागते."

इतक्या वर्षांत या माणसाशी तो एक शब्द खोटा बोलला नव्हता. उलट आनंदरावासारखा सरळ माणूस साऱ्या जिल्ह्यात नाही, असं मनोहररावच दुसऱ्या गावांत सांगायचा. गोणपाटाखाली इंजिन अजून कोमट असेल.

"नाही," तो म्हणाला. "आटली यंदा."

मनोहररावानं त्याच्याकडं पाहिलं, गोणपाटाकडं पाहिलं नाही, अन् लिहिलं.

"हे जाईन ना तिच्याकडे?"

"जाईन ना. जाईन कुठं दुसरीकडे?"

मग आनंदराव वाट पाहायला लागला. घर शेणानं सारवलं. गादी उन्हात टाकली. नातीसाठी सीताफळाच्या फांदीला झोका बांधला. सकाळच्या गाडीचा आवाज आला की धुऱ्यावर जाऊन उभा राहायचा, गाडी धूळ उडवत पुढं गेली की परत यायचा. संध्याकाळच्या गाडीला पुन्हा. विहीर चार-आठ दिवसांत होती तशी भरून आली. पाणी दिलेल्या झाडांवर कोवळा पाला फुटला, दिसायला इतका सुंदर की येणारा-जाणारा म्हणायचा, बाग काय हिरवीगार आहे. ज्याला कळायचं तो मान खाली घालून जायचा. पुढं पाऊस झाला अन् तहानलेली अर्धी बाग फुलली. उरलेली अर्धी तशीच हिरवी राहिली. तिच्यावर एक फूल आलं नाही.

अन् जया आली नाही. पत्र नाही, निरोप नाही. कोरडी आहे म्हटल्यावरही नाही? आधी त्याला काळजी वाटली, मग राग आला, अन् राग आल्यावर तो एका रविवारी धुतलेलं धोतर नेसून, घरच्या जात्यावर भरडलेली तुरीची डाळ फडक्यात बांधून, स्वतःच गाडीत बसला.

हुडकेश्वर गेलं, नागपूर लागलं. रामदासपेठेत ती संस्था शोधायला त्याला तीन जणांना विचारावं लागलं. दारावरच्या चौकीदारानं वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"जया मॅडमचे वडील?" त्याला ते पटलं नव्हतं. "चप्पल इथं काढा. पाय धुवा त्या नळावर. अंदर धूल नही चलती."

आनंदरावानं पाय धुतले. भेगांतली काळी माती काही केल्या निघेना. चौकीदारानं फडकं दिलं, त्यानं पुसले, चौकीदार म्हणाला अजून पुसा, त्यानं अजून पुसले. मग दार उघडलं अन् आतली थंडी अंगावर आली. बाहेर श्रावणाचं दमट उकडत होतं अन् आत पौषासारखा गारठा. फरशी तळपायाला चावत होती. कपाटाएवढाल्या मशिनी भिंतीला लागून घरघरत होत्या, अन् त्यांच्या मधे त्याची लेक लोकरीचा स्वेटर घालून, चष्मा लावून बसली होती.

"बाबा?" ती उठली. "तुम्ही कसे काय? गावात सारं ठीक आहे ना?"

"ठीक आहे."

"मले वाटलंच. त्या दिवशी बाजारात रुपरावकाकाचे जावई भेटले होते. म्हणे सालईखेडीले सारे मजेत आहेत."

तिनं त्याला स्टूल दिलं. डाळीचं फडकं हातात घेतलं, वास घेतला अन् डोळे मिटले. "एवढी डाळ कोण खाईन बाबा? हे होळीपासून गडचिरोलीले आहेत, बदलीवर. पिंकीले सासूबाईनं भंडाऱ्याले नेलं. माह्या एकटीसाठी तर मी कधी रांधतो, कधी नाही."

"हं," आनंदराव म्हणाला. त्याचं लक्ष टेबलावरच्या कागदाकडं होतं. कडेनं भोकं पाडलेला रुंद कागद, त्यावर नुसते ठिपके, फुल्या अन् काळे डाग. "हाच का नकाशा?"

"हाच." तिला बरं वाटलं, बाबानं विचारलं म्हणून. ती भराभर सांगायला लागली. ठिपके आहेत तिथं पाणी वर, फुल्या आहेत तिथं खोल, अन् काळं आहे तिथं पाणी पार खाली गेलेलं. एका सालचा कागद, त्यावर दुसऱ्या सालचा ठेवला की काळं कुठं पसरत चाललं ते दिसतं. मशीन हे सारं एका दुपारी करते. हातानं करायला बसलं तर दोन माणसांची उमर जाईल.

"मे महिन्याचा कोणता?"

तिनं एक कागद ओढला.

"आपलं गाव दाखव."

तिनं पेन्सिल टेकवली. तिथं ठिपके होते. चारी बाजूंनी ठिपके, मधेही ठिपके.

"इथं काळं पाह्यजे होतं," आनंदराव म्हणाला.

"काहून?"

"कोरडी होती ना."

जया हसली. "तो आकडा होय! मनोहररावानं काहीतरीच लिहून आणलं होतं. आपली विहीर आटते का कधी? मशीनले तसं सांगूनच ठेवलं आहे बाबा, की जो आकडा मागच्या सालांशी अन् आजूबाजूच्या विहिरींशी बसत नाही, तो घ्याचाच नाही. मंग मशीन शेजारच्या विहिरींवरून त्या जागी आकडा भरून टाकते."

"म्हंजे माह्या विहिरीत मशीननं पाणी भरलं."

"तसंच समजा."

"अन् तुले काही वाटलं नाही?"

"वाटलं ना. टेप टाकाले चुकला असंन, असं वाटलं." ती कागद नीट करत होती. "उलट एक चांगलंच झालं. साहेबानं इचारलं होतं, कोणत्या विहिरी मोजल्या नाही तरी चालते. मी एकेक विहीर झाकून पाहिली. मशीनले सांगाचं, ही विहीर नाहीच असं समज, अन् शेजारच्यांवरून सांग इथं पाणी किती असंन. आपल्या विहिरीचं दर सालचं बरोब्बर सांगितलं. तर आता ती मोजाची गरज नाही."

"मंग मनोहरराव नाही येणार?"

"कशाले त्याले उन्हातान्हाचं?"

आनंदरावानं स्टूल टेबलाजवळ ओढलं.

"जया, मनोहररावाची टेप बरोबर होती. विहीर कोरडीच होती. मी उपसली. इंजिन लावून सारं पाणी नाल्यात सोडलं."

पेन्सिल थांबली. "काहून बाबा?"

"तुले दिसंन म्हणून. तू येशीन म्हणून."

पलीकडं छापायची मशीन करकर करत कागद ओकत होती. जया कागदावरच्या त्या ठिपक्यांकडं बघत राहिली. अन् मग, कचेरीत रोज बोलायची सवय झालेली असते ना माणसाला, तसं तिच्या तोंडून हळूच निघालं:

"मंग मशीननं बरोबरच केलं. उपसलेल्या विहिरीचा आकडा घेत नसतेत."

बोलून गेल्यावर तिनं तोंडावर हात ठेवला.

"हो वं बाई," आनंदराव म्हणाला. "मशीनची काही चूक नाही. पण मी खाली उतरलो होतो. तू म्हणते तिथं पाणी होतं. नव्हतं. तिथं मी होतो."

"मॅडम," मागून मशीनवरचा माणूस म्हणाला, "टाइम जा रहा है आपका."

जयानं एकदा त्या माणसाकडं पाहिलं, एकदा बापाकडं. तिचा चष्मा ओला झाला होता. "थांबा बाबा," ती म्हणाली. "संध्याकाळी पाळी संपते. माह्या खोलीवर जाऊ. मी रांधतो, दोघं जेवू. राहा ना आजच्या दिवस."

पण आनंदराव उठला होता. इतके महिने साचलेलं बोलून टाकलं होतं अन् आता त्याला तिथं थांबवेना. "बैल बांधलेले आहेत," तो म्हणाला. "गाडी चुकंन."

"बाबा, राहा ना."

"येतो."

चौकीदारानं चप्पल दाखवली, त्यानं पायात सरकवली अन् मागं न बघता चालायला लागला. गाडीत खिडकीपाशी जागा मिळाली. बोललो ते बरंच केलं, असं तो मनाशी म्हणत होता. कळू दे तिला. बापाची गत काय आहे, कळू दे. हुडकेश्वर येईपर्यंत तो तेच ते मनात घोळवत होता.

गाडीतून उतरला तेव्हा दिवेलागण व्हायची होती. वाटेत रुपरावाचं घर. भीमाबाई अंगणात तांदूळ निवडत बसली होती.

"आले का भाऊ? जयाची भेट झाली?"

"झाली."

"कशी आहे पोरगी?"

"बरी आहे," आनंदराव म्हणाला अन् पुढं निघाला.

धुऱ्यापर्यंत गेला. बैलांनी त्याची चाहूल ओळखली, एक हंबरला. आनंदराव उभा राहिला. होळीपासून गडचिरोलीला, म्हणाली. नात भंडाऱ्याला. एकटीसाठी कधी रांधतो, कधी नाही. हे सगळं तिनं आल्या आल्या सांगितलं होतं, डाळीचं फडकं छातीशी धरून, अन् आपण हं म्हणालो. स्वेटरच्या बाहीतून तिचं मनगट दिसलं होतं, काडीसारखं. राहा ना, म्हणाली. दोनदा म्हणाली.

तो तसाच माघारी वळला. भीमाबाईनं सुपातून मान वर केली.

"काही राह्यलं का भाऊ?"

"भीमाबाई," आनंदराव म्हणाला, "मी तुले अंदाजानंच सांगितलं वं. बरी आहे का नाही, मले माहीत नाही. मी तिले इचारलंच नाही."